कोरड्या नळीवरचा फवारा

मी एक जुना फवारा आहे, मित्रांनो. बागेतला नव्हे, घराच्या छताला लावलेला, आग लागली तर पाणी सोडणारा. लोक मला स्प्रिंकलर म्हणतात. अंगठ्याएवढा माझा जीव. पितळेची मान, खाली दातेरी चकती आणि मधोमध काचेची एक बारीक कुपी. कुपीत लाल द्रव. भोवतालची हवा अडुसष्ट अंशांपर्यंत तापली की तो द्रव फुगतो, कुपी फुटते, तिने दाबून धरलेलं झाकण उडतं आणि मागचं पाणी चकतीवर आपटून खोलीभर पसरतं. माझं काम एवढंच, आणि तेही आयुष्यात एकदाच करायचं. बाकी सगळा काळ वाट बघायची.

वाट बघणं सोपं असतं असं तुम्हाला वाटेल. माझं ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. आमच्यातल्या प्रत्येकाला त्या चिमटीत धरून उजेडासमोर फिरवत आणि लाल द्रवातला बुडबुडा जागेवर आहे का ते बघत. शंभर जणांमागे दोघांना त्या बाजूला काढत आणि गरम पाण्याच्या भांड्यात सोडत. टक्, टक् असा आवाज येई. "हे कामाचे होते," असं म्हणत त्या फुटलेल्यांना टोपलीत टाकत आणि उरलेल्यांवर शिक्का मारत. मला त्यांनी दोनदा उचललं होतं आणि दोनदा परत ठेवलं. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. जे फुटले, त्यांची खात्री पटली. आम्ही जे शिक्का घेऊन जगात निघालो, त्यांच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आम्हालासुद्धा.

खोक्यातून मी निघालो तो थेट एका शिडीवर. शहराच्या कडेला सोळा जोडघरांची ओळ उभी राहत होती आणि कोपऱ्यावरचं पहिलं घर लोकांना दाखवण्यासाठी सजवलं होतं. आम्ही चौघे होतो. दोघे वरच्या खोल्यांत, एक बैठकीत आणि मी स्वयंपाकघरात. मला बसवणाऱ्या प्लंबरला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीचा माणूस, हात एखाद्या पान्यासारखे टणक, पण आटे फिरवताना बोटं अशी हलकी की मला गुदगुल्या झाल्या. काम करताना तो पाइपांशी बोलायचा. "ये रे बाळा, बस नीट. हां, अस्सं."

मी छतात बसलो आणि मागे पाण्याची वाट बघू लागलो. पाणी आलं नाही. तेवढ्यात खाली बिल्डर आले.

"साहेब, वरची लाइन झाली," उस्ताद शिडीवरूनच म्हणाला. "पण टाकीकडून जोड दिलेला नाही. पंपही आलेला नाही अजून."

"उद्या माणसं घर बघायला येणार आहेत, उस्ताद. वर दिसायला पाहिजे."

"दिसेल की. पण पाणी?"

"पंप पुढच्या आठवड्यात येतोय. आला की जोडून टाका. आता ती शिडी काढा, फरशी पुसायची आहे."

बिल्डर वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी वीस कामं असायची आणि खरोखरच त्यांना ते पुढच्या आठवड्यात करायचं होतं. पण पंप आला तो दुसऱ्याच इमारतीत गेला. उस्तादला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. मग एके दिवशी तपासणीला एक साहेब आले. त्यांनी मान वर केली, बोटाने एक, दोन, तीन, चार मोजलं, कागदावर खूण केली आणि निघून गेले. पाणी येतं का ते बघायला खाली तपासणीचा एक नळ असतो, तो उघडा, असं ते म्हणाले नाहीत. माझ्या मागे हातभर लांबीची हवा होती, तिच्याही मागे हवा. कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात. इथे मुरायलासुद्धा पाणी नव्हतं.

ते घर विकत घेतलं एका बस चालवणाऱ्या बाईने. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिच्यासोबत तिचे बाबा होते. ते घड्याळजी. त्यांची आधीची जागा एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. तिथे आग लागली तेव्हा ताई बसवर होती आणि आई तर त्याच्या दोन वर्षं आधीच गेलेली. बाबांनी गॅलरीतून खाली उडी मारली. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते कायमचं. आता ते वॉकर धरून चालत. पलंगापासून दारापर्यंत जायला त्यांना किती वेळ लागतो हे ताईने घड्याळ लावून बघितलेलं होतं.

घर बघायला आली त्या दिवशी ती बैठकीत थांबलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात आली आणि तिने वर बघितलं.

"बाबा, हे बघा. हेच पाहिजे होतं मला."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे निरखून पाहिलं. "हा काय करतो?"

"आग लागली की पाणी सोडतो."

"आणि नाही लागली तर?"

"मग काही नाही. नुसता असतो."

"म्हणजे वर मानाने बसायचं, काम काही करायचं नाही, आणि घरातल्यांनी जपायचं," बाबा म्हणाले. "हे तर जावईबापू झाले आपले!"

ताई हसली. त्या घरातलं तिचं ते पहिलं हसू. मला मात्र माझ्या पितळी मानेत कसंसंच झालं.

मित्रांनो, कुणी आपल्याकडे दुर्लक्ष करतं तेव्हा वाईट वाटतं, हे खरं आहे. पण आपण ज्याच्या लायक नाही असा विश्वास कुणी रोज आपल्यावर टाकत असेल, तर जिवाची काय तगमग होते ते मला विचारा. त्या घरात माझी जेवढी काळजी घेतली गेली तेवढी कुठल्याच फवाऱ्याची घेतली गेली नसेल. रंगारी आला तेव्हा ताईने माझ्याभोवती स्वतः कागदाची टोपी बांधली आणि त्याला बजावलं, "याला रंगाचा थेंबही लागता कामा नये. रंग बसला की हा उशिरा फुटतो." शेजारणीने माझ्या मानेला दोरी बांधून ओले टॉवेल वाळत घालायचं सुचवलं, तर ताईने तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा महिनाभर आलीच नाही. दर रविवारी कोरड्या ब्रशने माझ्यावरची धूळ निघायची. आणि रोज सकाळी गणवेशाची बटणं लावून झाली की ताई दारात क्षणभर थांबून माझ्याकडे बघायची आणि मगच बाहेरून दार ओढायची.

बाबा माझ्या खालीच बसत. स्वयंपाकघरातलं टेबल हेच त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते बारीक चाकं चिमट्याने उचलत. डाव्या हाताला स्टोव्ह, चहासाठी. उजव्या हाताला पेट्रोलची छोटी बाटली, चाकं धुवायला. ती बाटली आणि तो स्टोव्ह मी नऊ वर्षं डोळ्यांत तेल घालून बघत आलो. स्टोव्हवर काही उतू गेलं की माझी कुपी जराशी गरम व्हायची आणि मला वाटायचं, आता. आता मी फुटणार आणि माझ्यातून फुस्स करून हवा येणार, आणि हा माणूस वर बघत राहणार. तसं झालं नाही. पण तसं होणार नाही याची हमी मला कुणी दिली नव्हती.

नवव्या वर्षी शहरात एका घराला आग लागली. दुपारची वेळ होती. घरातली दोन माणसं वाचली नाहीत. त्यानंतर नगरपालिकेत नव्या बांधकाम नियमांचा विषय निघाला. यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घरात स्प्रिंकलर असलाच पाहिजे, असा एक नियम त्यात होता. त्यावर मग चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत वाद झडू लागले. घरं महाग होतील, असं बांधकामवाले म्हणत. कुणी म्हणे, फोडणीचा धूर झाला की घरात पाऊस पडेल. हे खोटं आहे, मित्रांनो. मला धुराचं काही कळत नाही, मला फक्त ताप कळतो. कुणी म्हणे, एक फुटला की सगळे फुटतात. तेही खोटं. जो तापतो तोच फुटतो. पण माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार?

नगरपालिकेने लोकांची मतं ऐकण्यासाठी एक समिती नेमली. पहिल्या सुनावणीला ताई गेली. बाबांनी तिचा जुना मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि सुनावणी थेट बघितली. मीही वरून बघत होतो.

ताई गणवेशातच उभी होती. "मी दिवसातून दहा तास बाहेर असते," ती म्हणाली. "माझ्या बाबांना दारापर्यंत पोचायला चार मिनिटं लागतात. मी त्यांना एकटं ठेवून कामावर जाऊ शकते, कारण माझ्या घरात स्प्रिंकलर आहेत. ज्यांच्या घरात नाहीत त्या बायकांनी काय करायचं? एवढंच विचारायला आले मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी भिंग काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "जावईबापू, ऐकलंत का? तुमच्या नावाचा डंका वाजतोय."

मला तिथून निखळून पडावंसं वाटलं.

त्या सभागृहात मागच्या रांगेत आणखी एक माणूस बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. बाबा वॉकर सरकवत गेले. दारात उस्ताद. केस पांढरे झाले होते, पण मी हात ओळखले.

"मी प्लंबर. या घराची लाइन मीच टाकली होती," तो म्हणाला.

"मग आत या की! तुमच्या हाताखालचा माणूस बघा किती ऐटीत बसलाय."

उस्ताद खुर्चीवर टेकला. बाबांनी चहा ठेवला. उस्तादने वर माझ्याकडे बघितलं, खाली पेट्रोलच्या बाटलीकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहाचा कप त्याने तसाच बाजूला सारला.

"तुमची मुलगी काल जे बोलली ते मी ऐकलं," तो म्हणाला. "झोप लागली नाही मला. दादा, या फवाऱ्याच्या मागे पाणी नाही."

"म्हणजे? टाकी रिकामी आहे?"

"टाकी भरलेली असेल. जोडच नाही. मी दिला नाही. पुढच्या आठवड्यात देऊ म्हणाले, आणि मला दुसरीकडे धाडलं. मी धरून चाललो की कुणीतरी दिला असेल. काल संध्याकाळी तुमच्या गल्लीतून जाताना मागच्या भिंतीशी थांबून बघितलं. पाइपाचं तोंड अजून मी बांधलेल्या चिंधीने बंद आहे."

बाबांनी पेट्रोलची बाटली स्टोव्हपासून लांब सरकवली. टेबलावरची चार-पाच घड्याळं तेवढी टिकटिकत होती. मित्रांनो, माझं गुपित नऊ वर्षांनी उघड झालं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाबा जे बोलले त्याने माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"ताईला सांगायचं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, असं कसं?"

"तिला कळलं तर उद्यापासून ती घरात बसेल. त्या बसवर तिचा जीव आहे. माझ्यापायी तिने आधीच खूप सोडलंय. तुम्हाला हे जोडता येईल का? ती कामावर असताना?"

उस्तादने मनाशी हिशोब केला. "भिंत फोडावी लागेल. पंप बसवावा लागेल. एकट्याने करायचं तर दहा-बारा दिवस."

"मग लागा कामाला. आणि हा स्टोव्ह मी तोवर पेटवत नाही. आपण चहा शेजारून मागवू."

ते बारा दिवस! ताईची बस आगारातून सुटली की उस्ताद मागच्या दाराने यायचा आणि ती परत येण्याच्या तासभर आधी झाडूनपुसून जायचा. बाबा खुर्चीत बसून पहारा करायचे. भिंतीत छिन्नीचे घाव बसले की पाइपातून ते माझ्या मानेपर्यंत पोचत. दोघे म्हातारे हळूहळू मित्र झाले. एकजण चाकांबद्दल बोलायचा, दुसरा आट्यांबद्दल, आणि दोघांनाही वाटायचं की आपण एकाच विषयावर बोलतोय.

पण ताई काही आंधळी नव्हती.

"बाबा, इथे सिमेंटची धूळ कुठून आली?"

"उंदीर झालेत."

"उंदीर सिमेंट खातात?"

"हल्लीचे खातात."

तिने मोरीतले दोन कप बघितले, धुतले, आणि म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय, बाबा."

"अजून नाही," बाबा पुटपुटले. तिला ते ऐकू गेलं नाही.

त्यातच नगरपालिकेचं पत्र आलं. ताईच्या बोलण्याची समितीने दखल घेतली होती. येत्या गुरुवारी सकाळी समिती घर बघायला येणार होती. बांधकाम संघटनेच्या वतीने आमचे बिल्डरही येणार होते, कारण आता संघटनेचे अध्यक्ष तेच होते. पत्र वाचून ताई खूश झाली. तिने पडदे धुवायला काढले. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी उस्ताद येताच पत्र त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि छिन्नी उचलली.

बुधवारी दुपारी जोड पूर्ण झाला. उस्ताद माळ्यावर गेला आणि त्याने पाणी सोडायची चावी फिरवली. आधी माझ्या मागची हवा थरथरली. मग लांबून एक धडधड आली, जणू कुणी पायऱ्या चढत येतंय. आणि मग थंड, जड असं काहीतरी माझ्या पाठीला येऊन भिडलं. पाणी! नऊ वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्या मानेशी येऊन उभं राहिलं. माझ्या झाकणाच्या कडेने एक थेंब पाझरला. आटा घट्ट करायला उस्ताद शिडी लावून वर चढला.

त्याच वेळी पुढचं दार उघडलं. ताईची बस वाटेत बंद पडली होती आणि तिला लवकर सुटी मिळाली होती. तिला दिसली ती शिडी, शिडीवर बाही ओली झालेला अनोळखी माणूस, आणि शिडीचा पाय धरून उभे असलेले बाबा.

"काय चाललंय हे?"

बाबांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, त्यांना पुन्हा उंदीर आठवले असतील. पण उस्ताद खाली उतरला, पाना टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, काही न लपवता.

ताई ऐकत उभी राहिली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने तोही चढवला नाही.

"नऊ वर्षं मी रोज दार ओढताना वर बघून जात होते," ती म्हणाली. "रोज, बाबा. आणि हे नव्हतंच."

"आता आहे," बाबा म्हणाले.

"आणि तुम्हाला बारा दिवस माहीत होतं. तुम्ही बारा दिवस मला तसंच जाऊ दिलंत."

"तू घरात बसली असतीस गं."

"बसले असते. मला ते ठरवू द्यायचं होतं."

बाबा शिडी सोडून खुर्चीत टेकले. उस्ताद हळूच म्हणाला, "ताई, उद्या समिती येईल. आता पाणी आहे. नळ उघडून दाखवा. कुणाला काही सांगायची गरज नाही. नाहीतर लोक म्हणतील, हे असलं नकली काम, याची सक्ती कशाला? तुमचा नियम पडेल."

ताईने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली. उस्तादचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. नियम मंजूर झाला असता, त्याने माणसं वाचली असती. मी मागच्या पाण्याचा भार सोसत तिची वाट बघत राहिलो. आता माझ्याकडे पाणी होतं, तरी मला स्वस्थता नव्हती.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं. समितीच्या अध्यक्षबाई, दोन सदस्य, अग्निशमन दलाचे अधिकारी आणि बिल्डर. दाराशी उस्ताद. बिल्डरनी त्याला ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते.

"छान जपलंय तुम्ही," अध्यक्षबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"जपलंय," ताई म्हणाली. "पण बाई, मी सुनावणीत जे बोलले ते खरं नव्हतं. मला खरं वाटत होतं, पण खरं नव्हतं. नऊ वर्षं याच्या मागे पाणी नव्हतं. काल दुपारी आलं."

तिने सगळं सांगितलं. अध्यक्षबाई वहीत लिहून घेत राहिल्या. मग बिल्डर पुढे आले.

"हेच तर मी सांगतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा ठाम नव्हता. "सक्ती केली की लोक दिसण्यापुरतं बसवतात. मग अशा नियमाचा उपयोग काय?"

"दिसण्यापुरतं तुम्हीच बसवलंत, साहेब," उस्ताद दारातून म्हणाला. "आणि मी बसवून दिलं. दोघांनी मिळून."

"नियमाचा उपयोग आहे," ताई म्हणाली. "पण नुसता बसवा असं लिहू नका. घरात राहायला येणाऱ्या माणसाच्या समोर पाणी सोडून दाखवा, असं लिहा. मला त्या दिवशी कुणी एक नळ उघडून दाखवला असता, तर त्यातून काही आलं नसतं आणि मला कळलं असतं. एवढंच पाहिजे होतं."

एक सदस्य म्हणाले, "पण आता तरी हा चालतो हे कशावरून?"

ताईने उस्तादकडे बघितलं. उस्तादने पिशवीतून पाइप तापवायचा ब्लोलॅम्प काढला. मित्रांनो, ज्या प्रश्नाने मला त्या लांबट शेडमध्ये पछाडलं होतं तो प्रश्न शेवटी कुणीतरी मोठ्याने विचारला होता.

बाबांनी घड्याळं एका ट्रेमध्ये भरली आणि ती मांडीवर घेऊन बैठकीत जाऊन बसले. पेट्रोलची बाटली अंगणात गेली. अधिकारी माळ्यावर चावीशी जाऊन उभे राहिले. अध्यक्षबाईंना बाहेर थांबा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला बघायचंय." त्या हलल्या नाहीत, म्हणून बिल्डरनाही हलता येईना. उस्ताद शिडीवर चढला. "चल रे बाळा," तो म्हणाला आणि निळी ज्योत माझ्याजवळ आणली.

मला भीती वाटली. वाटणारच. माझ्या लाल द्रवाचा बुडबुडा लहान लहान होत नाहीसा झाला. कुपी ताणली गेली. एक क्षण काहीच झालं नाही आणि मला वाटलं, आपण इतकी वर्षं नुसतेच टांगलेले होतो. आणि मग टक्!

पाणी माझ्यातून असं सुटलं की मला माझाच आवाज ऐकू येईना. ते चकतीवर आपटलं, फुटलं, चारी भिंतींना जाऊन भिडलं. स्टोव्ह, टेबल, धुतलेले पडदे, सगळं चिंब झालं. अध्यक्षबाईंची वही ओली होऊन तिच्यातली शाई वाहू लागली. बिल्डरच्या कपाळावरून धारा लागल्या. बैठकीतून बाबा ओरडले, "जावईबापूंनी काम केलं! अगं, काम केलं!" आणि ताई, गणवेशासकट भिजलेली, वर तोंड करून हसत होती की रडत होती ते पाण्यामुळे मला कळलं नाही.

अधिकाऱ्यांनी चावी बंद केली. पाणी थांबलं. बिल्डरनी खिशातून रुमाल काढला, तोही ओला होता. तो पिळत ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "लिहून घ्या. आणखी दोन घरं आहेत. तिथेही असंच राहिलंय." हे कुणीही त्यांना विचारलं नव्हतं. उस्तादने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पत्ते द्या. आजच जातो." त्या दोन घरांत चार दिवसांत पाणी पोचलं आणि तिथे उस्तादसोबत बिल्डर स्वतः उभे होते.

नियम अगदी थोड्या मतांनी मंजूर झाला. नव्या घरांनाच तो लागू झाला, जुन्यांना नाही. ताईला ते पुरेसं वाटलं नाही आणि ती अजून सभागृहाच्या फेऱ्या मारते. पण तिचं वाक्य त्यात आलं. राहायला येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाणी सोडल्याशिवाय घराचा दाखला मिळणार नाही. बाबांशी ती आठवडाभर कामापुरतंच बोलली. मग एके सकाळी तिने कामाचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "यातलं काही बदलायचं असेल तर दोघं मिळून ठरवू." दुपारच्या दोन फेऱ्या तिने सोडल्या. बस सोडली नाही.

माझ्या जागी आता नवा फवारा आहे. मी बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो. फुटलेला फवारा पुन्हा बसवता येत नाही. परवा समोरच्या ओळीतल्या एका नव्या घरात पाणी सोडून दाखवायचं होतं. बाबा वॉकर सरकवत तिथे गेले, मला घेऊन. घरात एक तरुण जोडपं होतं, बाईच्या कडेवर बाळ. कामगाराने तपासणीचा नळ उघडला. काहीच आलं नाही. पाइपात नुसती गुरगुर. बाईने नवऱ्याकडे बघितलं. कामगार म्हणाला, "हवा असेल. तुम्ही सही करा, मी मागाहून बघतो."

"आम्ही थांबतो," बाबा म्हणाले आणि तिथल्याच पायरीवर बसले.

कामगार कुरकुरत माळ्यावर गेला. कुठलीशी चावी अर्धीच उघडली होती. मग नळाने एक उचकी दिली, तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. त्या बाईने बाळाचा हात धरून धारेखाली नेला. बाळ दचकलं आणि मग खिदळू लागलं.

मित्रांनो, माझ्यात आता ना काच उरली आहे, ना लाल द्रव. पण हुरहुर काही गेली नाही. शहरात अशी किती छतं असतील, जिथे माझे भाऊबंद कोरड्या नळीवर टांगलेले असतील आणि खाली कुणीतरी त्यांच्यावर भिस्त ठेवून निवांत बसलं असेल? त्यांना ओरडून सांगता येत नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे. आम्हाला रंग फासू नका, आमच्यावर कपडे वाळत घालू नका. पण आम्ही नुसते दिसतो यावर समाधान मानू नका. घरातल्या मोठ्या माणसांना जाणकार माणूस बोलावून तपासणीचा नळ उघडायला सांगा, आणि पाणी येईपर्यंत तिथून हलू नका.